गद्रे काकांचा कचरा

गद्रे काका रोज सकाळी दोन डबे घेऊन फाटकात उभे असायचे, एक हिरवा, एक निळा, आणि रोज त्या डब्यांत घोळ असायचा. हिरव्यात ओला कचरा पाहिजे, तर त्यात संपलेला सेल. निळ्यात सुका पाहिजे, तर त्यात केळ्याचं साल, तेही असं घडी घालून ठेवलेलं, जसं काही इस्त्रीला द्यायचंय. मी गाडीवरचा हेल्पर. कचरा मिक्स असला की घ्यायचा नाही, परत करायचा, हा आमचा नियम. तर मी गाडीतून उतरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचो, "काका, परत मिक्स! किती वेळा सांगायचं?" आणि काका हात जोडून म्हणायचे, "गजाननराव, चूक नजरेस आणून दिल्याबद्दल आभारी आहे. आता पुढील मार्गदर्शन व्हावं."

मार्गदर्शन कोण करणार, तर मी. लोक म्हणतात गजूने चौथीत शाळा सोडली. खोटं आहे. मी तर रोज जायला तयार होतो, मास्तरच म्हणाले, तू नको येत जाऊस, बाकीची मुलं बिघडतात. बाबा मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा ते घरी बसले, आणि मी आधीपासूनच घरी बसलेलो, त्यामुळे आमच्यात जागेवरून भांडणं व्हायची. पुढे पोह्याच्या ठेल्यावर लागलो, तिथे गिऱ्हाइकापेक्षा मीच जास्त खायचो. वरातीत डोक्यावर दिवे धरायचं काम केलं, तर एकदा चौकात गर्दी झाली आणि मी दुसऱ्याच वरातीबरोबर निघून गेलो. तिथे जेवूनही आलो. कचऱ्याच्या गाडीवर मात्र टिकलो. आई म्हणाली, "बरं झालं, शेवटी तुला तुझ्यासारखं काही मिळालं."

आणि असा मी, हेडक्लार्क होऊन रिटायर झालेल्या माणसाला रोज शिकवायचो. "काका, ओलं म्हणजे जे सडतं ते. सुकं म्हणजे जे सडत नाही ते. सोपं आहे." काका मान डोलवायचे. "म्हणजे पेन्शनर कोणत्या डब्यात, गजाननराव?" मी म्हणायचो, "तुम्हाला अजून बाहेर काढायचं नाही काका, तुम्ही घरातच राहा."

काकांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून, आजोबा कारकून, वडील कारकून, काका पण कारकून. दफ्तर त्यांच्या रक्तात उतरलं होतं, तिथून तोंडात आलं होतं. पाऊस आला तर म्हणायचे, "पावसाने आज हजेरी लावली, उशिरा का होईना." मांजर आडवं गेलं तर, "बोका नेहमीच्या दौऱ्यावर आहे." माणूस बारीक, शर्ट इन केलेला, गुडघे कामातून गेलेले. फाटकाची कडी धरून उभे राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. नागपूरला एक पुतण्या होता, तो दिवाळीला फोन करायचा. काका म्हणायचे, "वार्षिक अहवाल येतो."

टी बॅगचा किस्सा सांगतो. एक दिवस काकांनी वापरलेली टी बॅग दोऱ्याने धरून माझ्या नाकासमोर लोंबकळवली. "हे काय, ओलं की सुकं?"

मी म्हटलं, "ओलं. चहा आहे ना आत."

"पण वरची पिशवी कागदाची."

"तर मग सुकं."

"पण कागद भिजलेला आहे. दोरा सुती. आणि ही बघा, इथे पिन आहे, लोखंडी. हे प्रकरण चार विभागांकडे जाणार, गजाननराव. तुम्ही कोणत्या विभागाचे?"

मी टी बॅग हातात घेऊन उभा. ड्रायव्हर कैलास, हातोदचा, रोज तिथून फटफटीवर येणारा, त्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. "ओ मास्टर! पूरी जुनी इंदौर बाकी हे अभी, और तू चाय छान रिया हे!" मी ती टी बॅग खिशात टाकली आणि पळालो. संध्याकाळी आईने पँट धुवायला घेतली तेव्हा खिशातून चहाचं पाणी निघालं. ती म्हणाली, "आता खिशातून पण चहा पितोस?"

मला गजाननराव म्हणणारा माणूस जगात एकच. गल्लीत मी "ए कचरा". गाडी आली की बायका आत ओरडून सांगायच्या, "कचरा आ गया," म्हणजे मीच आलो. घरी मी गज्या. काकांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, मी गजू सांगितलं, तर ते म्हणाले, "पूर्ण नाव सांगा, अर्धवट माहिती चालत नाही." आईला सांगितलं की एक जण मला राव म्हणतात. ती म्हणाली, "त्यांचा चष्मा बदलायला झाला असेल."

एक दिवस काका फाटकात नव्हते. गाडीचं गाणं वाजून गेलं, मी शिट्टी मारली, कैलासने हॉर्न वाजवला, काही नाही. दार नुसतं लोटलेलं होतं, मी आत गेलो. आतल्या खोलीत रेडिओ चालू, आणि काका खाटेवर दोन रजया घेऊन कुडकुडत पडलेले. कपाळ तव्यासारखं. मला बघून उठायला लागले. "गजाननराव, आज रजेचा अर्ज देता आला नाही." मी समोरच्या तिवारी आंटींना हाक मारली, त्यांनी डॉक्टरला आणलं. आंटी मला म्हणाल्या, "तू नी आता तो मेरे को शाम तक पता नी चलता." मी तिथे पण शहाणपणा केलाच. डॉक्टरने काकांना इंजेक्शन दिलं आणि सुई बाजूला ठेवली, तर मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ही वेगळ्या डब्यात." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. काका एवढ्या तापात हसले.

मग शहराला पैसे कमी पडायला लागले. तिजोरीत खडखडाट, असं पेपरात आलं म्हणे, मी काय पेपर वाचत नाही, कैलासने सांगितलं. आधी एक सोडून एक खांबावरचा दिवा बंद झाला. मग नळ दिवसाआड झाला. मग कोपऱ्यावरच्या मुतारीला कुलूप लागलं, तर लोक कुलुपालाच नमस्कार करून तिथेच उभे राहायला लागले. आणि मग आमचा नंबर आला. अर्ध्या गाड्या यार्डात उभ्या करायच्या. उरलेल्या गल्लीत जाणार नाहीत, चौकात थोडा वेळ थांबतील, लोकांनी आपापला कचरा तिथे आणायचा.

चौकात वरचे एक साहेब समजवायला आले. मंडप नाही, खुर्ची नाही, आमच्याच गाडीच्या पायरीवर उभे राहिले. "देखिए, फंड नहीं है. सबको थोड़ा-थोड़ा एडजस्ट करना पड़ेगा. गाड़ी यहाँ खड़ी रहेगी, आप लोग डब्बा लेके आ जाओ."

तिवारी आंटी म्हणाल्या, "और ये घुटने किस डब्बे में डाल के लाऊँ? गीले में के सूखे में?"

खूप गलका झाला. कोणी म्हणे वास येईल, कोणी म्हणे कुत्रे फाडतील, कोणी म्हणे टॅक्स कशाचा घेता. साहेब बिचारे घाम पुसत होते. मग गद्रे काका पुढे आले. घरापासून चौकापर्यंत भिंतीला हात लावत लावत आले होते, हाताला चुना लागलेला. साहेबांना म्हणाले, "साहब, एक विनती है. गाड़ी मत भेजिए. डीज़ल का खर्चा मैं समझता हूँ. आदमी भेज दीजिए. पैदल."

"आदमी अकेला आके क्या करेगा दादा? कचरा सर पे उठाएगा?"

"कुछ उठाना ज़रूरी नहीं है," काका म्हणाले. "आवाज़ दे के चला जाए."

लोक हसले. मागून कोणी तरी बोललं, "काका को एक सीटी दिला दो रे भिया!" साहेब पण हसले, काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्याकडे वळले. काकांनी हातावरचा चुना झटकला. मग मला म्हणाले, "प्रकरण नामंजूर," आणि परत भिंतीला हात लावत निघाले.

मला काही कळलं नाही. मी आंटींना म्हटलं, "काकांचं डोकं सरकलं काय? माणूस नुसता येऊन काय करेल?"

आंटी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं मीच मिक्स कचरा आहे. "तेरे को सच में नी मालूम?" त्या म्हणाल्या. "अरे, अकेले आदमी का कचरा निकलता कितना हे? दो दिन में एक मुट्ठी. रोज सुबह मेरे दरवाजे पे आते थे, आंटी जी, कुछ छिलके हों तो दीजिए. मैंने पूछा, गद्रे जी, छिलकों का करोगे क्या? बोले, गाड़ी आएगी, खाली हाथ कैसे लौटाऊँ. और सेल? वो मेरे बंटी के खिलौने के थे."

"आणि ते रोजचं मिक्स?"

"सही-सही देते तो तू रुकता?"

खरं आहे. बाकीच्या घरांसमोर मी डबा उलटा करायचो आणि पुढे. चांगला कचरा देणाऱ्याशी मी कधी दोन शब्द बोललो नाही. काकांकडेच थांबायचो, ओरडायचो, समजवायचो, डब्यात हात घालून एक एक वस्तू दाखवायचो. मला वाटायचं, मी नसतो तर या म्हाताऱ्याचं काय झालं असतं, काही कळत नाही बिचाऱ्याला. आयुष्यात एकच विद्यार्थी मिळाला होता, तोही मुद्दाम नापास होत होता.

दुसऱ्या दिवसापासून गाडी चौकात. बायका डबे घेऊन रांगेत. मी कैलासला म्हटलं, "दोन मिनिट," आणि गल्लीत पळालो. मला पळता येत नाही, मी पळतो तेव्हा लोकांना वाटतं कोणी तरी मागे लागलंय, म्हणून दोन कुत्रे खरोखर मागे लागले. काकांच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा तोंडातून शब्द निघेना. काका पायरीवर बसले होते. हातात डबा नव्हता. मी म्हटलं, "कचरा?"

ते उठले, आत गेले, डबे घेऊन आले. हिरव्यात दोन बटाट्यांची सालं. निळ्यात एक रिकामं औषधाचं खोकं, चपटं केलेलं. आणि वर एक छोटी पुडी. उघडली तर टी बॅग, सोडवलेली. पिशवी वेगळी वाळवलेली, दोरा गुंडाळलेला, पिन कागदात टोचलेली. पत्ती हिरव्या डब्यात होती.

"आज एकदम बरोबर कसं काय?" मी विचारलं.

"आता घोळ कशाला?" काका म्हणाले. "तुम्ही येतच आहात."

बरेच दिवस असं चाललं. कैलास रोज शिव्या द्यायचा आणि रोज थांबायचा. चौकातल्या बायका माझी वाट बघत गाडीला टेकून उभ्या राहायच्या. मी पळत जाणार, काकांशी चार शब्द बोलणार, मूठभर सालं घेऊन पळत येणार. एवढ्या कचऱ्यासाठी एवढा पळणारा माणूस सगळ्या इंदूरमध्ये मीच असेन. काका म्हणायचे, "दम खा, गजाननराव, आज तातडीचं काही नाही." मग पाणी द्यायचे. पाणी दिवसाआड येत होतं तरी द्यायचे.

मग दुसरी ऑर्डर आली. गाडीवर फक्त ड्रायव्हर राहील, हेल्पर बंद. लोकांनी आपला डबा आपणच ओतायचा. कैलासला रडू यायला लागलं, पण तो मालवी माणूस, त्याने रडण्याच्या जागी मला दोन धपाटे घातले. "अब गीला-सूखा कौन देखेगा रे?"

मी म्हटलं, "अब सब मिक्स."

काकांना सांगायला गेलो. वाटेत तीन-चार जोक पाठ केले होते, एकही आठवला नाही. ते म्हणाले, "म्हणजे बदली झाली." मग विचारलं, "कुठे?" मी सांगितलं, सियागंजात, मसाल्याच्या एका ठोक दुकानात, बोरे म्हणजे पोती उचलायला. "रस्त्याच्या कोणत्या बाजूला? शेजारी काय आहे?" सगळं विचारून घेतलं. मला वाटलं, हेडक्लार्क आहेत, सवय आहे.

सियागंजात मी पहिल्याच दिवशी हळदीच्या बोऱ्याला आडवा झालो, म्हणजे बोरा माझ्यावर आला. आठवडाभर पिवळा फिरत होतो. आई म्हणाली, "चला, लग्नाशिवाय हळद तरी लागली." अशाच एका दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून गद्रे काका उतरले. हातात कापडी पिशवी, शर्ट इन. त्या गर्दीत, ठेले, हमाल, टेम्पो यांच्यामधून एक एक पाय टाकत आले.

शेठ म्हणाले, "आओ बाबूजी. कितने बोरे?"

"पचास ग्राम जीरा," काका म्हणाले.

शेठच्या वजनकाट्यावर माणूस झोपला तरी कळत नाही, एवढा मोठा काटा. शेठने मला बघितलं, काकांना बघितलं, आणि काय समजले माहीत नाही, म्हणाले, "गजू, फटे बोरे में से दे दे बाबूजी को." मी मूठभर जिरं कागदात बांधून दिलं. काकांनी पुडी उघडली. "हे जिरं की शहाजिरं, गजाननराव? मार्गदर्शन व्हावं." मला फरक माहीत नव्हता, तरी मी पाच मिनिटं समजावून सांगितलं. सगळं चुकीचं. शेठ तोंडावर हात ठेवून ऐकत होते.

मग ते दर आठवड्याला यायला लागले. एकदा धने, एकदा मोहरी, एकदा चार दालचिनीच्या काड्या. मी विचारलं, "काका, एवढ्या मसाल्याचं करता काय?" ते म्हणाले, "आंटींकडे वर्ग करतो. इतकी वर्षं त्यांची सालं घेतली, आता त्यांना मसाला देतो."

त्याच थंडीत माझी आई गेली. झोपेतच गेली, मला न ओरडता. मी पहिल्यांदा बघितलं की सकाळ झाली आणि मला कोणी शिवी दिली नाही. दहा दिवस नातेवाईक होते, मग ते पण गेले. मी कामावर परत आलो. दुकानात सगळ्यांशी जोक मारत होतो, जास्तच मारत होतो. दुपारी काका आले. पिशवी नव्हती.

मी म्हटलं, "बोला काका, आज काय देऊ?"

"काही नको," काका म्हणाले. "आज नुसताच आलो. बसू का?"

धन्याच्या बोऱ्यावर बसले. आईबद्दल काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. मी बोरे उचलत होतो, ते बघत होते. शेठने चहा सांगितला, तो प्यायले. टेम्पो आला, गेला. शटर खाली येईपर्यंत बसले. मग मी त्यांना रिक्षात बसवलं, तेव्हा माझं मनगट धरून म्हणाले, "गजाननराव, आता घरी जाताना पाय जड होतील. थोडे दिवस लांबच्या रस्त्याने जा. मी तसंच केलं होतं."

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. मी रस्त्याकडे बघत बोरे उचलत होतो, दोनदा पायावर पाडून घेतले. सुट्टीच्या दिवशी जुनी इंदूरला गेलो. फाटकाला कुलूप. तिवारी आंटी बाहेर आल्या आणि मला बघून पदर तोंडाला लावला. काका न्हाणीघरात पडले होते. कळलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. नागपूरचा पुतण्या आला, सगळं नीट केलं, गेला. आंटी म्हणत होत्या, "मेरे सामने का घर हे गजू, मेरे सामने का." गल्लीत गाडी येत असती तर सकाळीच कळलं असतं. वाचले असते असं मी म्हणत नाही, मी काय डॉक्टर आहे. कळलं असतं. रात्रभर आणि दिवसभर तसे एकटे पडून राहिले नसते.

आता मी घरी लांबच्या रस्त्याने जातो. थोडे दिवस सांगितले होते, मी थांबलोच नाही. घरात रेडिओ लावून ठेवतो. दुकानात सगळे हसतात, मी हसवतो, पण शटर पडलं की कोणाकडे जाऊन काय सांगायचं हे मला येत नाही. जिथे जातो तिथे लोक विचारतात, काय काम काढलं गजू? काकांना शेवटी ते तीन शब्द जमले. मला अजून जमत नाहीत.

गेल्या रविवारी बसने हातोदला गेलो, कैलासच्या घरी. वाटेत ठरवलं होतं, सरळ म्हणायचं, आज नुसताच आलो. कैलास दारात फटफटी उघडून बसला होता, हात काळे. "अरे मास्टर! कैसे आना हुआ?" त्याने विचारलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "पाना पाहिजे होता. सायकलचं चाक ढिलं झालंय."

कैलासने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे सायकल नाही, त्याला माहीत आहे. त्याने खोक्यात हात घातला, एक पाना काढला, फडक्याने पुसून माझ्या हातात दिला आणि आत ओरडून सांगितलं, "सुनो, दो रोटी ज़ादा डालना."